माझ्या रक्तात लेकीचं रक्त

रिपोर्टवर कामाची एकच ओळ होती: फीटल सेल्स 3.8 टक्के.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेली. सांगली जिल्ह्यातल्या एका लॅबमध्ये बरीच वर्षं पेशी मोजणारं काउंटर मशीन आणि मायक्रोस्कोप सांभाळते. तरी आईच्या रक्तातल्या गर्भाच्या लाल पेशी मोजणारी ही क्लायहाउअर टेस्ट मी आधी फक्त अभ्यासक्रमात वाचलेली. या टक्क्याला 50 ने गुणायचं, हे मात्र लक्षात होतं. आईच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त धरतात, त्यावरून आलेला हा 50. आलं 190. म्हणजे लेकीचं 190 मिली रक्त माझ्या अंगात फिरत होतं. लेकीचं वजन 2 किलो 700. नवजात बाळाच्या अंगात किलोमागे 80 ते 90 मिली रक्त असतं, म्हणजे तिचं सगळं मिळून सव्वादोनशे-अडीचशेच्या घरात. मी कागद उलटा करून उशीखाली सरकवला. या हिशेबाने ती जगायलाच नको होती, आणि ती तर दोन भिंतींपलीकडे एनआयसीयूमध्ये, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, हातपाय हलवत होती.

हा हिशेब का जुळत नाही हे कळायला मला पुढचे बरेच दिवस लागले. 'बाळ कसं राहील?' या प्रश्नाचं उत्तरही त्या न जुळण्यातच होतं.

सदतिसावा आठवडा चालू होता. दुपारपासून हालचाल मंदावली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "दिवस भरत आले की बाळ शांतच होतं गं." हे सगळीकडे सांगतात आणि ते खरं नाही. शेवटच्या आठवड्यांत हालचालीची तऱ्हा थोडी बदलते, पण हालचाल कमी झाली तर दाखवायलाच हवं. संध्याकाळी आम्ही दवाखान्यात होतो.

बाळाचे ठोके नोंदवणाऱ्या एनएसटीच्या पट्टीवर आकडा 140 च्या आसपास. आकड्यात काहीच वावगं नव्हतं, रेघ मात्र विचित्र होती. एरवी ती खडबडीत असते, बाळ हललं की वर उसळते. माझी रेघ गुळगुळीत, एका मापात वर-खाली, मिनिटाला तीन-चारदा, आणि उसळी एकही नाही. प्रसूतितज्ज्ञ मॅडमनी पट्टी हातभर लांब ओढून पाहिली, मशीन काढू दिलं नाही, आणि सिस्टरना म्हणाल्या, "ओटी तयार करायला सांगा." मग मला म्हणाल्या, "याला सायनुसॉइडल म्हणतात. बाळाच्या अंगातलं रक्त खूप कमी झालं असावं."

ओटी तयार होईपर्यंत त्यांनी डॉपलर लावून बाळाच्या मेंदूतल्या मधल्या धमनीतला रक्ताचा वेग मोजला. रक्त पातळ झालं की ते जोरात पळतं. त्या आठवड्याला जो वेग अपेक्षित असतो त्याच्या दीडपटीच्या वर गेला तर मोठ्या अ‍ॅनिमियाची शंका घ्यायची. आमचा 1.7 पट होता.

स्पायनलखाली सिझर. पडद्यापलीकडे रडणं ऐकू आलं, पण उशिरा आणि बारीक. बालरोगतज्ज्ञ सरांना आधीच बोलावून ठेवलं होतं. "पांढरीफटक आहे," एवढंच ते बोलले. आणि त्या गडबडीत त्यांनी एक गोष्ट केली जिचं मोल मला, लॅबवालीला, सगळ्यांत जास्त कळलं. त्यांनी नाळेतून बाळाचे नमुने घेतले आणि माझ्या बाजूच्या डॉक्टरांना म्हणाले, "आईची एक ईडीटीए आत्ताच भरा." रक्त गोठू न देणारी, जांभळ्या झाकणाची ती ट्यूब तेव्हा भरली नसती, तर पुढचं सगळं अंदाजपंचे झालं असतं. आईला रक्त चढवलं की प्रमाण बिघडतं. आई आणि बाळाचे रक्तगट जुळत नसतील तर आईच्या अँटिबॉडी बाळाच्या पेशी भराभर नष्ट करतात आणि नंतर मोजायला गेलं तर आकडा उगीच लहान येतो. माझा गट ए पॉझिटिव्ह, लेकीचा ओ पॉझिटिव्ह. ओ पेशींविरुद्ध माझ्या प्लाझ्मात काही नव्हतं, म्हणून 3.8 वर विश्वास ठेवता आला. मी निगेटिव्ह असते तर आणखी एक व्याप होता. पॉझिटिव्ह बाळाच्या पेशींविरुद्ध आईच्या अंगात अँटिबॉडी बनू नयेत म्हणून अँटी-डी देतात: त्याचं 300 मायक्रोग्रॅमचं एक इंजेक्शन साधारण 30 मिली रक्ताला पुरतं, म्हणजे मला सात लागली असती.

लेकीचं हिमोग्लोबिन 5.2. जन्मतः ते 14 ते 20 असायला हवं.

नवरा ओ निगेटिव्हसाठी ब्लड बँकेकडे पळाला. बॅग मिळाली, माझ्या नमुन्याशी क्रॉसमॅच झाली. आता पटकन रक्त चढवतील असं त्याला वाटलं, पण सरांनी घाई केली नाही. आधी त्यांनी लेकीचं यकृत चाचपलं, बीपी घेतलं, नाडी बघितली, आणि लॅबला स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर, पुन्हा बघायला सांगितलं. काउंटरने पांढऱ्या पेशी 38,000 दाखवल्या होत्या. हा आमच्या धंद्यातला नेहमीचा चकवा आहे. केंद्रक असलेल्या कच्च्या लाल पेशींना मशीन पांढऱ्या समजून मोजतं. स्मिअरवर शंभर पांढऱ्यांमागे अशा साठ कच्च्या पेशी निघाल्या. दुरुस्ती केल्यावर पांढऱ्या पेशी राहिल्या पावणेचोवीस हजार. रेटिक काउंट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशींचं प्रमाण, 16 टक्के.

त्या साठ कच्च्या पेशी आणि ते 16 टक्के हे सांगत होते की लेकीचा अस्थिमज्जा आणि यकृत बरेच दिवस ओव्हरटाइम करत होते. रक्त एका तासात गेलेलं नव्हतं. ते हळूहळू झिरपत होतं, आणि ती गर्भात मागून नवं तयार करत होती. म्हणूनच हिशेब जुळत नव्हता. 190 मिली एका वेळचं नव्हतंच, ते अनेक दिवसांचं साठलेलं होतं. माझ्या अंगात ते साठत गेलं, तिच्या अंगात भरून निघत गेलं. शेवटी झिरपणं वाढलं आणि तिचं बनवणं मागे पडलं, तेव्हा हालचाल मंदावली.

उपचारही यावरच ठरले. एकदम रक्त गेलेलं बाळ शॉकमध्ये येतं: नाडी लागत नाही, बीपी पडतं. त्याला किलोमागे 10 मिलीच्या हिशेबाने सलाइन किंवा रक्त लगेच द्यावं लागतं. झिरपत गेलेल्या बाळाच्या शिरांमध्ये द्रव पुरेसा असतो, कमी असतात त्या पेशी. हृदय आधीच थकलेलं, यकृत फुगलेलं. तिथे वरून नुसतं भरलं तर हृदय हात टेकतं. सरांनी नाभीच्या शिरेत नळी घालून अदलाबदल सुरू केली. सिरिंजने तिचं पातळ रक्त थोडं बाहेर काढायचं, तेवढ्याच पॅक्ड सेल्स, म्हणजे दात्याच्या दाट लाल पेशी, आत सोडायच्या, पुन्हा काढायचं. नवरा काचेपलीकडून बघत होता. तो आजही सांगतो, पहिल्या सिरिंजमध्ये आलेलं रक्त कोकम सरबताइतकं पातळ होतं आणि शेवटच्या सिरिंजमध्ये रक्तासारखं रक्त दिसलं.

दुसऱ्या दिवशी सर आमच्याशी बोलायला बसले. सासूबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला: "डॉक्टर, डोकं नीट चालेल ना हिचं?" खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात तेच होतं. सर म्हणाले, "आजी, आज मी टक्के सांगणार नाही. रोज एकेक गोष्ट कळेल, तशी सांगत जाईन." सासूबाईंना हे टाळाटाळीचं वाटलं. मला नाही. आमच्याकडेही अर्धवट रिपोर्ट मागणारे पेशंट असतात.

त्या दिवशी जे माहीत होतं ते त्यांनी फाइलच्या मागच्या पानावर लिहून दाखवलं. किलोमागे 20 मिलीपेक्षा जास्त रक्त आईकडे गेलं, तर बाळ पोटात दगावण्याचा, रक्त चढवावं लागण्याचा, एनआयसीयूत जाण्याचा धोका चांगलाच वाढतो. आमचं किलोमागे 70. "पण हा आकडा धोक्याची घंटा म्हणून ठीक आहे," ते म्हणाले. "जिवंत जन्मलेल्या बाळाचा मेंदू कसा राहील हे त्यावरून नीट सांगता येत नाही. तेवढंच रक्त महिनाभरात गेलं की दोन तासांत, यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो." त्यापेक्षा जन्मताचं हिमोग्लोबिन आणि आठवडे जास्त बोलके. अमेरिकेतल्या काही नवजात विभागांनी त्यांच्याकडच्या अशा बाळांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा ज्यांचं हिमोग्लोबिन 5 च्या खाली होतं आणि जी पस्तीस आठवडे किंवा त्याआधी जन्मली, त्यांना सगळ्यांत मोठा फटका बसलेला दिसला.

5.2 आणि 37. नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला. मी नाही सोडला. टाचेतून टोचून काढलेलं हिमोग्लोबिन आणि शिरेतून काढलेलं हिमोग्लोबिन, एकाच बाळाचं, एकाच वेळी, यात एखाद्या ग्रॅमचा फरक सहज पडतो. आमचं नाळेतलं होतं. 5.2 आणि 4.8 यांच्यात निसर्गाने कुंपण घातलेलं नाही, हे ज्याने कधी एकच नमुना दोनदा चालवलाय त्याला सांगावं लागत नाही.

त्यामुळे मी लॅक्टेटच्या मागे लागले. शरीराला ऑक्सिजन कमी पडला की ते रक्तात वाढतं. नाळेतल्या रक्ताचा पीएच 7.14, लॅक्टेट 9. म्हणजे ऑक्सिजन कमी पडला होता, पण अगदी तळ गाठला नव्हता. अदलाबदलीनंतर लॅक्टेट 5 वर आला, दुसऱ्या दिवशी अडीचच्या खाली. एका आकड्यापेक्षा त्याची उतरण बघावी, हे सरांनी सांगायच्या आधीच मी धरलं होतं.

याच सुमाराला पुण्याहून मामेभावाचा फोन. "कूलिंग करतात तिकडे, मेंदू वाचतो. हलव तिला आत्ताच्या आत्ता." त्याने गूगलवर वाचलेलं खोटं नव्हतं. जन्मानंतर सहा तासांच्या आत सुरू करून बाळाचं तापमान 33.5 अंशांवर 72 तास ठेवतात, ही उपचारपद्धत आहे. सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, लेकीच्या तपासणीत मेंदूवरचा परिणाम सौम्य होता: ती थोडी चिडचिडी, पण डोळे उघडणारी, झटके नाहीत, चोखण्याचा प्रयत्न करणारी. 1976 पासून सार्नाट यांची जी पायऱ्यांची पद्धत वापरतात, तिच्या पहिल्या पायरीवर. कूलिंग मध्यम आणि तीव्र परिणामांसाठी आहे. दोन, भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत झालेला हेलिक्स नावाचा अभ्यास 2021 मध्ये छापून आला. त्यात कूलिंगने मृत्यू आणि अपंगत्व मिळून कमी झालं नाही, उलट कूलिंग केलेल्या बाळांत मृत्यू जास्त झाले. परदेशात उपयोगी पडलेली गोष्ट इथे तशीच लागू पडेल असं नाही. मी हे मामेभावाला सांगितलं. त्याने दोन दिवस फोन केला नाही, मग पेढे घेऊन आला.

पहिल्या आठवड्यात एमआरआय झाला. भूल दिली नाही. माझं काढलेलं दूध पाजलं, दुपट्यात घट्ट गुंडाळलं, कानांना बोळे लावले, आणि ती त्या खडखडाटात झोपली. रिपोर्ट वाचताना आधी हे बघायचं, असं सरांनी शिकवलं: मेंदूच्या गाभ्यातले बेसल गँग्लिया, थॅलॅमस आणि त्यांच्या मधून जाणारा इंटर्नल कॅप्स्यूलचा मागचा भाग. हातापायांना हुकूम नेणाऱ्या तारा तिथून जातात. हा भाग बिघडला तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता मोठी. आमच्या रिपोर्टमध्ये तो स्वच्छ होता. पण मेंदूच्या वरच्या भागात, दोन्ही बाजूंना, दोन धमन्यांच्या हद्दी जिथे मिळतात तिथे बारीक बदल होते. दाब किंवा रक्त कमी पडलं की शेताच्या टोकाला पाणी पोचत नाही, तशी ही जागा आधी कोरडी पडते, असं सर म्हणाले. ते मूळचे शेतकऱ्याचे. "ती चालेल, असं मी आता म्हणू शकतो. बोलणं, लक्ष लागणं, नजर आणि हात यांचा मेळ, यावर लक्ष ठेवावं लागेल. तेही बदल थोडे आहेत."

पहिलं ठाम वाक्य मिळालं ते हे. एनआयसीयूत रोज माहिती हप्त्याहप्त्याने मिळते आणि नातेवाइकांना एकरकमी हवी असते, हा तिथला कायमचा तंटा.

घरी आल्यावर काही आठवड्यांनी मी माझी टेस्ट केलेल्या लॅबमध्ये गेले. स्लाइड जपून ठेवली होती. क्लायहाउअर, ब्राउन आणि बेट्के या तिघांनी 1957 मध्ये जर्मनीत काढलेली ही पद्धत. पातळ स्मिअर, अल्कोहोलमध्ये फिक्स करायचा, मग आम्ल बफरमध्ये बुडवायचा. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन आम्लात धुऊन जातं, गर्भाचं टिकून राहतं. मग रंग द्यायचा आणि किमान दोन हजार पेशी मोजायच्या. मी डोळा लावला. सगळीकडे माझ्या पेशींची नुसती फिकट कडी, आत काही नाही. आणि मधूनमधून गडद गुलाबी, गच्च भरलेल्या पेशी. एका फील्डमध्ये चार, दुसऱ्यात एकही नाही, तिसऱ्यात सात. तिथल्या ताईंनी विचारलं, "तुमचं एचपीएलसी केलं होतं ना?" रक्तात कोणकोणतं हिमोग्लोबिन किती आहे ते सांगणारी ही टेस्ट. बरोबर प्रश्न. आई थॅलेसेमिया मायनर असेल तर तिच्या स्वतःच्याच काही पेशींत गर्भाचं हिमोग्लोबिन असू शकतं आणि आकडा फुगतो. विदर्भात सिकलसेलच्या पेशंटमध्येही ही अडचण येते. माझं एचपीएलसी तिसऱ्या महिन्यात झालं होतं, नॉर्मल होतं. तरी मी दोनशेक पेशी स्वतः मोजून पाहिल्याच. आठ गुलाबी निघाल्या. दोनशेत आठ म्हणजे चार टक्के, जुळलं.

कारण मात्र शेवटपर्यंत सापडलं नाही. मार लागलेला नव्हता, वारेमागे रक्तस्राव नव्हता. बहुतेक वेळा ते सापडतच नाही. थोडं रक्त तर जवळपास प्रत्येक गरोदरपणात पलीकडे जातं, अनेकदा एक मिलीहूनही कमी. 30 मिलीच्या वर जाणं हजारात साधारण तीन. मॅडमनी वार तपासायला पाठवली होती. क्वचित वारेत कोरिओकार्सिनोमाची, म्हणजे कॅन्सरची, बारीक गाठ असते आणि तिथून रक्त गळतं, म्हणून. तसं काही नव्हतं. वार फिकी, आत जुन्या-नव्या गुठळ्या. जुन्या गुठळ्यांनी 'हळूहळू' या निदानाला दुजोरा दिला.

फॉलोअपमधलं मला सगळ्यांत नवलाचं वाटलं ते तिसऱ्या महिन्यातलं. बाळाला उताणं झोपवायचं, खेळणं नाही, बोलायचं नाही, पोट भरलेलं आणि जागं, आणि नुसता व्हिडिओ काढायचा. या वयात निरोगी बाळाच्या मानेत, खांद्यांत, मनगटांत, घोट्यांत अगदी बारीक, सतत, सगळ्या दिशांना चुळबुळ चालू असते. ती असली तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता फारच कमी. नसली तर काळजीचं कारण. कोट्यवधींच्या एमआरआय मशीनच्या तोडीचं भाकीत पाच मिनिटांच्या मोबाइल व्हिडिओतून! नवऱ्याने काढलेला पहिला व्हिडिओ बाद झाला, कारण मागे सासूबाई "ओ ओ ओ" करत होत्या आणि लेक त्यांच्याकडेच बघत होती. दुसऱ्यात चुळबुळ स्वच्छ दिसली. त्याच दिवशी हॅमरस्मिथ या मेंदू-मज्जासंस्थेच्या तपासणीत 78 पैकी 63 मिळाले. या वयात 57 च्या खाली गेलं की डॉक्टर सावध होतात.

पुढचं सरळ गेलं. कानांची बेरा टेस्ट पास. झिरपलेल्या रक्तासोबत लोहही माझ्याकडे आलं होतं, म्हणून लोहाचे थेंब. काळी शी आणि लाळेऱ्यावरचे न जाणारे डाग. वर्षाच्या तपासणीत हॅमरस्मिथ 75. ती चालायला लागली ती शेजारच्या पोरांच्याच वयात. बोलायला मात्र थोडा वेळ घेतला, आणि दीड वर्षाची असताना स्पीच थेरपी सुरू झाली.

दोन वर्षांची झाल्यावर डासी केली. ही बडोद्यात भारतीय बाळांसाठी तयार झालेली, बाळाचा विकास मोजण्याची पद्धत. हालचालीचा गुणांक 96, बुद्धीचा 87. 85 च्या वर म्हणजे नॉर्मल. एमआरआयने सांगितलं होतं त्याच बाजूला पारडं किंचित झुकलेलं. ठोकळ्यांचा मनोरा ती एकाग्रतेने रचत होती. चित्रातल्या वस्तूंची नावं विचारली की कंटाळून टेबलाखाली जात होती. सरांनी शाळेत घालायच्या आधी पुन्हा एकदा मोजायला सांगितलंय, कारण लक्ष आणि शिकणं यातल्या बारीक अडचणी दोन वर्षांच्या वयात दिसत नाहीत.

आता आमच्या लॅबमध्ये क्लायहाउअरचे रिएजंट ठेवावेत म्हणून मी मालकांच्या मागे लागले आहे. ते म्हणतात, वर्षातून एखादी टेस्ट येईल, बाटल्या एक्स्पायर होतील. त्यांचंही चूक नाही. मी सुचवलंय की बफर आपणच करू आणि कंट्रोलसाठी, म्हणजे टेस्ट बरोबर चालते का ते ताडून बघायला, नाळेचं रक्त शेजारच्या प्रसूतिगृहातून आणू, नाळेचं थोडं मोठ्या माणसाच्या रक्तात मिसळलं की कंट्रोल तयार. मॅडमनी दर महिन्याला एक ट्यूब द्यायचं कबूल केलंय. मालक अजून हो म्हणालेले नाहीत.